धावण्यासाठी स्नोशू: तक्ता बघून मागवू का?

अमेय: बर्फातल्या ट्रेलवर धावायला स्नोशू (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी) घ्यायचेत. पाठपिशवी धरून माझं वजन ९० किलो. मापाच्या तक्त्यात त्याला ७६ सेंमी लांबीचे दाखवतायत. मागवू?

मेधाताई: थांब जरा. तो तक्ता भुसभुशीत बर्फात चालणाऱ्यांसाठी असतो. तू बहुतेक तुडवलेल्या वाटेवर धावणार, तिथे एवढं तरंगायची गरजच नाही. ५५ ते ६५ सेंमी पुरे. आणि लांबीच्या आधी रुंदी बघ, साधारण २० सेंमी. त्याहून रुंद घेतलास तर पाय फाकवून धावावं लागतं, नाहीतर एकाची कड दुसऱ्यावर पडते आणि माणूस तोंडावर.

शिरीषकाका: वजन विसरू नकोस. चालायचा जोड २ किलोच्या आसपास, धावायचा १ ते दीड. जड जोडाने आधी जांघा भरून येतात.

अमेय: बाइंडिंग, म्हणजे बूट स्नोशूला बांधायची पकड, फिक्स्ड की बिजागरीवर मोकळं फिरणारं?

मेधाताई: धावायला फिक्स्डच. ते ताणलेल्या पट्ट्यावर बसवलेलं असतं, त्या ताणामुळे स्नोशूची शेपटी, म्हणजे मागचं टोक, पावलाबरोबर वर येते. फिरत्या बाइंडिंगची शेपटी लोंबते आणि बर्फात घासत येते. खड्या चढावर मात्र तेच बरं, टोक रुतवून पायरी करता येते. फिक्स्डचा त्रास एकच, मागून पोटऱ्यांवर आणि पाठीवर बर्फ उडतो. गेटर (बुटापासून पोटरीपर्यंतचं कापडी वेष्टण) लाव.

रेवती: पाठीवर म्हणजे खरंच पाठीवर हं 😄

शिरीषकाका: बसवताना चवड्याचा रुंद भाग बरोबर बाइंडिंग जिथे वाकतं त्या बिजागरीवर किंवा पट्ट्यावर आला पाहिजे. पाय पुढे सरकला तर बूट स्नोशूमधल्या पुढच्या भोकाच्या (ज्यातून बुटाचं टोक खाली जातं) कडेला आपटतो, पावलागणिक ठेच. टाचेचा पट्टा ढिला राहिला की टाच आत घसरते आणि स्नोशू तिरका पडतो. बकलं बाहेरच्या बाजूला हवीत. हातमोजे घालून उघडता येतात का तेही बघ. रॅचेटच्या (दातेरी पट्टी ओढून घट्ट करायच्या बकलाच्या) दातांत बर्फ गोठला की ते हलत नाही, लवचिक रबरी पट्टा परवडला.

अमेय: शर्यतीसाठी वेगळे लागतील?

मेधाताई: नियम आधी वाच. अमेरिकेतल्या स्नोशू संघटनेच्या शर्यतींत किमान १२० चौरस इंच पृष्ठभाग लागतो. काही शर्यतवाले तर बुटाचा तळ थेट बाइंडिंगला बोल्टने जोडतात. वजन वाचतं, पण तो बूट मग दुसऱ्या कशालाच उरत नाही.

रेवती: स्नोशूच्या तळाचे, बर्फात रुतणारे दात अॅल्युमिनियमचे असतील तर हलके, पण दगडावर लवकर बोथट होतात. वाट खडकाळ असेल तर स्टीलचे घे. शून्य अंशाच्या आसपास ओला बर्फ दातांत गोळा धरतो, मग दात जमिनीला टेकतच नाहीत आणि पाय घसरतो. निघण्यापूर्वी सिलिकॉन स्प्रे मार, तरी चिकटला तर थांबून काठीने ठोक.

अमेय: आले की लॉबीत घालून बघतो.

शिरीषकाका: फरशीवर अजिबात नको! ओरखडे पडतील. जाड रबरी चटई अंथर. आणि बर्फ टणक असून बूट घोट्यापर्यंतही रुतत नसेल, तर त्या दिवशी स्नोशू घरीच ठेव, मायक्रोस्पाइक (बुटावर चढवायचे छोटे खिळे असलेली साखळी) लाव.