मदत हवी आहे: हीट पंपाला जुने रेडिएटर चालतील का?

मंडळी, घर गरम ठेवायला हवेतून उष्णता घेणारा हीट पंप बसवायचा विचार आहे, पण खोल्यांत गरम पाणी फिरवणारे जुने रेडिएटर तसेच ठेवून. तत्त्व कळलं, फ्रिजच उलटा लावल्यासारखं. बाहेर उणे ५ अंश असले तरी रेफ्रिजरंट (पंपात फिरून उष्णता वाहून नेणारा पदार्थ) त्याहून थंड, म्हणून तो हवेतली उष्णता ओढतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो, आणि ती उष्णता रेडिएटरच्या पाण्याला मिळते. १ युनिट विजेत साधारण ३ युनिट उष्णता.

पण पाणी जितकं कढत मागाल तितका हा फायदा घटतो, आणि माझे रेडिएटर बॉयलरच्या ७० अंशांना सरावलेले! ४५ वर भागेल का? आधी बॉयलरच ४५ वर ठेवून बघू का?

शेजाऱ्यांच्या बाहेरच्या युनिटवर पांढरा बर्फ धरतो, मग पंखा थांबून भसकन वाफ निघते. हे डीफ्रॉस्टच ना, म्हणजे युनिटने स्वतःवरचा बर्फ वितळवणं? तेवढ्यात घर गार पडतं का? वापरणाऱ्यांनी सांगा.