चाइल्ड रेकॉर्ड उडवून पुन्हा भरणाऱ्यांनो, जरा थांबा

जॉइनकर
शेजारच्या धाग्यावर जुगाडू_बॅकएंड यांनी नवशिक्यांना सल्ला दिलाय: "इन्व्हॉइस सेव्ह करताना जुन्या ओळी सरसकट डिलीट करा, फ्रंटएंडकडून आलेल्या सगळ्या नव्याने इन्सर्ट करा. डिफ लिहीत बसणं ही हौस आहे." त्यावर बदामांचा पाऊस पडलेला बघून राहवलं नाही. (इन्व्हॉइस म्हणजे पेरेंट रेकॉर्ड, त्याच्या ओळी म्हणजे चाइल्ड; डिफ म्हणजे जुन्या आणि नव्या यादीतला फरक काढणं.)

समजा, वीस ओळींच्या इन्व्हॉइसमध्ये आयडी 501 असलेल्या ओळीचा दर 120 चा 125 केला. तुमच्या पद्धतीत 501 गेली आणि त्याच मालाची ओळ 514 म्हणून आली. डिलिव्हरी चलनाच्या टेबलात 501 ची फॉरेन की (त्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम) आहे, तिचं काय? तिथे डिलीटसाठी रिस्ट्रिक्ट हा नियम असेल तर सेव्ह फसेल, हे त्यातल्या त्यात नशीब. कॅस्केड असेल तर चलनाच्या नोंदीही निमूट जातील. सेट नल असेल तर नोंदी राहतील, पण कोणत्या ओळीच्या ते कोणी सांगू शकणार नाही. शिवाय ज्या एकोणीस ओळींना हातही लावला नाही त्यांची तयार झाल्याची वेळ आजची, आणि पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये त्यांचेही डेड टपल, म्हणजे टेबलात पडून राहणाऱ्या मेलेल्या प्रती.

बरोबर रीत एवढीच: पेरेंट त्याच्या चाइल्डसकट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल किंवा काहीच नाही, असा गट) लोड करा, असलेल्या चाइल्डचा आयडीवर मॅप बनवा, आलेल्या यादीतून फिरा. आयडी नसेल तर नवीन ओळ. आयडी मॅपमध्ये असेल तर त्याच ऑब्जेक्टवर फील्ड कॉपी करा आणि मॅपमधून काढा. आयडी आहे पण मॅपमध्ये नाही, तर एरर द्या. इन्सर्ट करू नका. शेवटी मॅपमध्ये जे उरलं ते डिलीट. वीसेक ओळींचा कोड आहे. हौस म्हणे!

जुगाडू_बॅकएंड
पुराण छान सांगितलंत. आता हायबरनेटमध्ये (टेबलं जावा ऑब्जेक्टशी जोडणारं ओआरएम) करून दाखवा. ऑर्फन रिमूव्हल (लिस्टमधून काढलेली ओळ आपोआप डिलीट) लावलेल्या लिस्टला सेटरने नवी लिस्ट दिली की "कलेक्शनचा मालकाशी संबंध तुटला" म्हणून एक्सेप्शन येतं. मग सगळे काय करतात? आहे त्याच लिस्टवर क्लिअर आणि अ‍ॅडऑल. म्हणजे फिरून माझ्याच दारात आलात.

जॉइनकर
अजिबात नाही. क्लिअर करून तेच मॅनेज्ड (डेटाबेसमधून लोड केलेले) ऑब्जेक्ट परत घातले तर हायबरनेट स्नॅपशॉटशी, म्हणजे लोडच्या वेळच्या प्रतीशी, ताडून बघतं आणि डिलीट काढतच नाही. तुम्ही डीटीओवरून (फ्रंटएंडचा डेटा वाहणाऱ्या ऑब्जेक्टवरून) आयडी नसलेले कोरे ऑब्जेक्ट घालता, म्हणून तुमच्याकडे डिलीट-इन्सर्ट होतं. आणि मग पुढचा खड्डा: फ्लशच्या वेळी (बदल डेटाबेसला पाठवताना) इन्सर्ट आधी जातात, डिलीट सर्वांत शेवटी. इन्व्हॉइस आयडी आणि ओळ क्रमांक यांवर युनिक कन्स्ट्रेंट (तीच जोडी दोनदा नको) असेल तर नवी ओळ क्रमांक 1 घालताना जुनी क्रमांक 1 अजून टेबलातच बसलेली असते. युनिकचा भंग. त्यावर लोक मध्ये एक फ्लश ठोकतात आणि "हायबरनेटचा बग" म्हणून ओरडतात.

नल_पॉइंटर
तुम्हा जावावाल्यांना निदान एक्सेप्शन तरी येतं. डीआरएफमध्ये (जँगो या पायथन फ्रेमवर्कवरचं एपीआय साधन) नेस्टेड सीरियलायझर, म्हणजे ओळींसकट इन्व्हॉइसचा डेटा तपासणारा क्लास, लिहिला की सांगतात, अपडेट मेथड तुमची तुम्ही लिहा. लिहिली, तर व्हॅलिडेटेड डेटात आयडीच नाही! कारण मॉडेल सीरियलायझर आयडी रीड-ओन्ली धरतो आणि गुपचूप गाळतो. मग प्रत्येक ओळ नवीन दिसते आणि सेव्हगणिक ओळी दुप्पट. आयडी हे इंटिजर फील्ड, रिक्वायर्ड फॉल्स असं स्वतः घोषित करावं लागतं. त्यात चाइल्डवर युनिक फील्ड असेल तर युनिक व्हॅलिडेटर त्याच ओळीला "आधीपासून आहे" म्हणून हाकलतो, कारण नेस्टेडमध्ये त्याला इन्स्टन्स (कोणती ओळ अपडेट होतेय ते) माहीत नसतो. व्हॅलिडेटर काढा, तपासणी अपडेटमध्ये हलवा. हे सगळं करून वर शहाणपण ऐकायचं.

एसक्यूएलच_बरं
ओआरएम फेका. अपसर्टसाठी (असेल तर अपडेट, नसेल तर इन्सर्ट) ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट पोस्टग्रेस 9.5 पासून आहे. एक अपसर्ट, एक "यादीत नसलेले डिलीट", काम संपलं.

लेझीलोड
@एसक्यूएलच_बरं, काम नाही, डेटा संपेल. "यादीत नसलेले" शोधणाऱ्या नॉट इनच्या यादीत एक नल (किंमतच नाही) शिरला की एकही ओळ डिलीट होत नाही. आणि अपसर्ट आयडीवर केलात, अपडेटला इन्व्हॉइस आयडीची व्हेअर अट लावली नाही, तर मी ब्राउझरमधून दुसऱ्या ग्राहकाच्या ओळीचा आयडी पाठवून त्याचा दर बदलतो. जेपीएच्या (जावातल्या ओआरएमचं मानक) मर्जमध्येही तेच भोक: कॅस्केड मर्ज परकी ओळ उचलून तुमच्या इन्व्हॉइसला चिकटवतं. रेल्स या रूबी फ्रेमवर्कच्या नेस्टेड अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये पेरेंटचा नसलेला आयडी आला तर रेकॉर्ड नॉट फाउंड येतो. तेवढं तरी शिका.

पण @जॉइनकर, तुमचा लूपही सोवळा नाही. विनंतीत ओळींची की ("ओळी" हे फील्डच) आलीच नाही तर? अ‍ॅपच्या जुन्या आवृत्तीने फक्त पत्ता पाठवला, तुम्ही "रिकामी यादी" समजलात, मॅपमध्ये उरलेलं सगळं डिलीट.

जॉइनकर
की नसणं म्हणजे हात लावू नका, रिकामी यादी म्हणजे सगळ्या काढा. हा फरक ठेवायचा असतो हे गृहीत धरलं होतं. बरं, लिहायला हवं होतं. झालं समाधान?

खतावणी
तुमचं सगळं चुकतंय. इन्व्हॉइस एकदा ग्राहकाला गेलं की ओळ बदलायचीच नसते. दर जास्त लागला असेल तर सीजीएसटी कायद्याच्या कलम 34 खाली क्रेडिट नोट, कमी लागला असेल तर डेबिट नोट. नेस्टेड अपडेटचा प्रश्न फक्त ड्राफ्टला. आणि कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला 1 एप्रिल 2023 पासून एडिट लॉग (कधी काय बदललं याची नोंद) सक्तीचा आहे, तोही बंद न करता येणारा. सरसकट डिलीट-इन्सर्टमध्ये त्या लॉगात काय दिसेल? वीस ओळी गेल्या, वीस आल्या. बदललं काय ते ऑडिटरने शोधायचं?

जुगाडू_बॅकएंड
हा टेक धागा आहे की सीएचा क्लास? आमचे ग्राहक प्रोप्रायटर दुकानदार आहेत.

खतावणी
प्रोप्रायटरला आणि भागीदारीला तो नियम नाही, मान्य. पण तुमचं सॉफ्टवेअर उद्या एखाद्या प्रायव्हेट लिमिटेडने घेतलं तर?

नल_पॉइंटर
लॉगचा विषय निघालाच आहे तर: जँगोत सिग्नलवर (सेव्ह झाल्याच्या सूचनेवर) लॉग लिहिणाऱ्यांनो, बल्क क्रिएट आणि बल्क अपडेट पोस्ट-सेव्ह सिग्नल पाठवत नाहीत, सेव्ह मेथडही बोलावत नाहीत. वेगासाठी बल्क घेतलं की लॉग कोरा.

एसक्यूएलच_बरं
म्हणून डेटाबेसचा ट्रिगर, म्हणजे टेबल बदललं की आपोआप चालणारा कोड. ओआरएम काहीही करो, ट्रिगर चुकत नाही.

नल_पॉइंटर
ट्रिगरला कोणता युजर ते कुठून कळणार? कनेक्शन पूलमध्ये (आळीपाळीने वापरायची कनेक्शन) सगळे एकाच डेटाबेस युजरने येतात.

एसक्यूएलच_बरं
ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीला सेट लोकल करून युजर आयडी सेशन व्हेरिएबलमध्ये टाका, ट्रिगरमध्ये करंट सेटिंगने वाचा. सेट लोकलच हवं. नुसतं सेट केलंत तर तेच कनेक्शन पुढच्याला मिळेल आणि त्याचे बदल तुमच्या नावावर.

खतावणी
आणि डेटाबेस अ‍ॅडमिनने ट्रिगर डिसेबल केला तर? "बंद न करता येणारा" हे शब्द नियमात आहेत. अ‍ॅप्लिकेशनच्या डेटाबेस युजरला टेबलाची मालकी देऊ नका, लॉगच्या टेबलावर फक्त इन्सर्टचा हक्क ठेवा.

जुगाडू_बॅकएंड
धागा पार भरकटवलात. असो. टॅगसारख्या जोडटेबलाला, जिथे ओळीला स्वतःची ओळख नाही आणि कुणाची फॉरेन की नाही, तिथे माझी पद्धत; इन्व्हॉइसच्या ओळींना तुमची. पेढे वाटा.

लेझीलोड
पेढ्यांआधी एक. पेरेंटवर व्हर्जन कॉलम (दर बदलाला वाढणारा, टक्कर ओळखणारा आकडा) ठेवून निर्धास्त बसलेल्यांसाठी: हायबरनेटमध्ये मॅप्डबाय असलेल्या (नात्याचा कॉलम चाइल्डकडे असलेल्या) कलेक्शनमधली फक्त ओळ बदलली तर इन्व्हॉइसचं व्हर्जन वाढत नाही. दोघांनी एकाच वेळी वेगवेगळ्या ओळी बदलल्या तर दोन्ही सेव्ह यशस्वी आणि एकूण रक्कम कुणाचीच नाही. लोड करताना ऑप्टिमिस्टिक फोर्स इन्क्रिमेंट लावा, म्हणजे व्हर्जन वाढेलच.

नल_पॉइंटर
आणि ओळींची अदलाबदल? 1 आणि 2 ड्रॅग करून उलटसुलट केल्या की आयडी बरोबर असूनही युनिक फुटतं.

जॉइनकर
पोस्टग्रेसमध्ये तो युनिक कन्स्ट्रेंट डिफरेबल, इनिशियली डिफर्ड करा. तपासणी कमिटला, म्हणजे ट्रान्झॅक्शन संपताना, होते, वरचा मधला फ्लशही लागत नाही. युनिक इंडेक्स नको, कन्स्ट्रेंटच हवा. आणि अपसर्ट करत असाल तर ऑन कॉन्फ्लिक्टला आयडी द्या, डिफरेबल कन्स्ट्रेंट तिथे आधार म्हणून चालत नाही.

जुगाडू_बॅकएंड
आमचं मायएसक्यूएल आहे. तिथे डिफरेबल नाही.

जॉइनकर
मग दोन फेऱ्या. आधी बदलणाऱ्या ओळींच्या क्रमांकात 10000 मिळवून फ्लश, मग खरे क्रमांक. उणे करायचा मोह होईल, पण कॉलम अनसाइन्ड (उणे आकडा न घेणारा) असेल तर तिथेच आपटाल.