‘निराकरण झालेला’ दोष आमच्याच स्विचमध्ये कसा आला?

डाळमिल_जळगाव (प्रश्न)

नमस्कार. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका डाळमिलच्या संगणक विभागाचे काम मी पाहतो. आमच्याकडे एकाच मॉडेलचे आणि एकाच फर्मवेअरवर (उपकरणातच भरलेल्या सॉफ्टवेअरवर) चालणारे दोन मॅनेज्ड स्विच, म्हणजे संगणकांना नेटवर्कमध्ये जोडणारी आणि दुरून नियंत्रित करता येणारी उपकरणे, आहेत. एक कार्यालयात यूपीएसवर आहे, तर दुसरा गोदामात थेट विजेवर. दोन्ही गेल्या वर्षी संक्रांतीच्या आठवड्यात बसवले. यंदा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कार्यालयातील स्विचचे वेब पान उघडेना आणि एसएनएमपीचे (उपकरणांवर दुरून देखरेख ठेवण्याच्या पद्धतीचे) आलेख तुटले. संगणकांमधील वाहतूक मात्र विनातक्रार चालू होती. पुरवठादार म्हणाले, “उन्हाळ्याने गरम झाला असेल, बंद करून चालू करा.” तसे केल्यावर स्विच ठीक झाला, पण मला हे कारण पटलेले नाही, कारण कार्यालयाच्या खोलीत एसी आहे, आणि पत्र्याखाली भाजून निघणारा गोदामातला स्विच एकदाही अडलेला नाही. कंपनीच्या रिलीज नोट्समध्ये (फर्मवेअरच्या नव्या आवृत्तीसोबतच्या टिपणात) “दीर्घकाळ चालू राहिल्यास व्यवस्थापन प्रक्रिया प्रतिसाद देत नाही” हा दोष निराकरण झालेल्या दोषांच्या यादीत आहे. मग तो आमच्याकडे कसा आला?

तापीकाठ

ती यादी ज्या आवृत्तीच्या नोट्समध्ये आहे, त्या आवृत्तीत निराकरण झाले, एवढाच तिचा अर्थ आहे. आपल्या स्विचवर त्याआधीची आवृत्ती असेल, तर ती यादी आपल्यासाठी दुरुस्त झालेल्या दोषांची नसून शिल्लक असलेल्या दोषांची आहे.

आता दिवस मोजा. संक्रांतीपासून मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत सुमारे ४९७ दिवस होतात आणि हा आकडा आमच्या धंद्यात कुप्रसिद्ध आहे. अनेक उपकरणे चालू झाल्यापासूनचा काळ सेकंदाच्या शंभराव्या भागात, ३२ बिटांच्या मोजणीत ठेवतात; एसएनएमपीचा अपटाइम असाच मोजला जातो. ही मोजणी ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येते, आणि त्याला ४९७ दिवस २ तास २८ मिनिटे लागतात. मोजणी शून्यावर येणे हा स्वतः दोष नव्हे. “अमुक आकडा ओलांडला की जागे व्हा” असे एखाद्या प्रक्रियेला सांगितलेले असते आणि तेवढ्यात मोजणी शून्यावर आल्यामुळे तो आकडा पुढचे जवळपास ४९७ दिवस येतच नाही. दोष इथे आहे. पाकिटे (माहितीचे तुकडे) पुढे पाठवण्याचे काम वेगळी चिप करते, म्हणून आपली वाहतूक थांबली नाही.

गोदामातला स्विच वाचला तो वीज जाते म्हणून. प्रत्येक खंडानंतर त्याची मोजणी नव्याने सुरू होते. ज्याची बडदास्त ठेवली, तोच आजारी पडला! तरीही एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. देखरेखीच्या संगणकावर अपटाइमची शेवटची नोंद पाहा.

डाळमिल_जळगाव

पाहिली. दर पाच मिनिटांनी नोंद होते आणि शेवटची नोंद ४९७ दिवस २ तास २५ मिनिटांची आहे. उन्हाळ्यावरचा आळ मागे घेतो.

पांझरा_नेट

मी धुळ्यात हेच काम करतो. माझे मत स्पष्ट आहे: चालू स्विचच्या फर्मवेअरला हात लावू नये. दर दिवाळीच्या सुट्टीत स्विच एकदा बंद करून चालू करावा, म्हणजे ४९७ दिवस कधी भरतच नाहीत. नव्या आवृत्तीच्या नोट्समध्ये ज्ञात दोषांचीही यादी असते. जुना ओळखीचा दोष सोडून नवा अनोळखी दोष घरात का आणावा?

तापीकाठ

या एका दोषापुरता आपला उपाय योग्य आहे, परंतु सर्व दोष अपटाइमवर चालत नाहीत. सिस्को कंपनीच्या नेटवर्क उपकरणांवरील आयओएस या सॉफ्टवेअरच्या अनेक आवृत्त्यांमध्ये उपकरणाने स्वतःच तयार केलेल्या प्रमाणपत्राची (सुरक्षित जोडणीसाठीच्या डिजिटल ओळखपत्राची) मुदत १ जानेवारी २०२० ला संपत होती. त्यानंतर जुन्या आवृत्तीवर तसे नवे प्रमाणपत्र तयारही होत नव्हते, मग स्विच कितीही वेळा बंद-चालू केला तरी काय उपयोग? शिवाय फर्मवेअर बदलल्यावर प्रमाणपत्र पुन्हा तयार करावे लागे, म्हणजे ‘निराकरण’ झाल्यावरही एक काम उरतच होते. सुरक्षेच्या त्रुटींचे तर याहून वेगळे. २०१८ मध्ये जाहीर झालेली, सिस्कोच्याच स्मार्ट इन्स्टॉल या नवा स्विच आपोआप बसवण्याच्या सुविधेतली त्रुटी टीसीपीच्या ४७८६ क्रमांकाच्या पोर्टमधून वापरता येत होती. ती सुविधा बंद करणे किंवा दुरुस्त आवृत्ती घालणे, यांपैकी काही केल्यावाचून गत्यंतर नव्हते.

ज्ञात दोषांची यादी वाचायलाच हवी, हे मात्र शंभर टक्के मान्य. ती वाचताना आपण वापरत असलेल्या सुविधांपुरतीच पाहावी. आपल्याकडे स्टॅकिंग (अनेक स्विच जोडून एकच म्हणून चालवणे) नसेल, तर स्टॅकिंगचे वीस दोष आपले नाहीत.

डाळमिल_जळगाव

मग नवी आवृत्ती आधी गोदामातल्या स्विचवर घालून पाहू का?

तापीकाठ

जरूर पाहा, पण त्यातून फक्त नवे दोष दिसतील. तो स्विच ४९७ दिवस कधी गाठणारच नाही, त्यामुळे जुना दोष गेला की नाही हे तिथे कळणार नाही. आणि कॉन्फिगरेशनची प्रत आधी काढून ठेवा. फर्मवेअर लिहिले जात असताना वीज गेली तर स्विच कदाचित उठणारच नाही, म्हणून तेवढ्या अर्ध्या तासापुरता तरी त्याला यूपीएस जोडा.