शाळेच्या छतावर सोलर आधी, की आधी विजेची गळती शोधायची?

(ऑनलाइन चर्चा. मोजमाप, उन्हाळी आणि पालापाचोळा ही सदस्यांची टोपणनावं.)

मोजमाप:
शाळा पर्यावरणपूरक करायची म्हटलं की पहिला ठराव सोलरचा. हे म्हणजे आधी कळस, मग पाया. १२ वर्ग, दर वर्गात ४ पंखे आणि ४ ट्यूब धरा. जुना पंखा ७५ वॅट, ३६ वॅटची ट्यूब चोकसकट साधारण ४६. एकूण ५.८ किलोवॅट, रोज ६ तास चालले तर जवळपास ३५ युनिट. बीएलडीसी पंखे (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या मोटरचे, ३० वॅट) आणि एलईडी (२० वॅट) लावले की १४ युनिट. पॅनेलच्या दर किलोवॅटमागे दिवसाला ४ युनिट धरले तर पहिल्या हिशेबाला ९ किलोवॅटचे पॅनेल लागतात, दुसऱ्याला ४ पुरतात.

त्याही आधी फुकटातली चाचणी: आठवड्याची सुट्टी लागताना मीटरचं रीडिंग घ्या, शाळा उघडताना परत घ्या. मधल्या ४० तासांत १० युनिट पडले, तर शाळेत कुणी नसताना २५० वॅट चालू आहेत. बहुधा वॉटर कूलर.

उन्हाळी:
असहमत. आकडे बरोबर, निष्कर्ष चुकला. शाळेचा वापर नेमका उन्हाच्या तासांत असतो, म्हणून बॅटरीच लागत नाही. घरांना ही सोय नाही. आणि चालते पंखे भंगारात काढून नवे आणायचे, यात पर्यावरण कुठे आलं? पंखा जळेल तेव्हा बदला. बीएलडीसीच्या वाटेत जुना रेग्युलेटर तसाच ठेवला की आतलं सर्किट जाऊ शकतं, तो काढून साधा स्विच द्यावा लागतो. वेग रिमोटवर, वर्गातला रिमोट किती दिवस टिकेल ते सांगायला नको.

मोजमाप:
रिमोटचं मान्य. स्विच बंद-चालू करून वेग बदलणारेही मिळतात, ते घ्यावेत. बदलायचं की नाही ते तासांवर ठरवा. वर्षाला २०० दिवस, रोज ६ तास चालणाऱ्या पंख्यामागे ५४ युनिट वाचतात. आठवड्यातून दोन तास उघडणाऱ्या प्रयोगशाळेत जुनाच राहू दे. जुन्या ट्यूब फोडू नका, आत पारा असतो.

पॅनेल २५ वर्षं टिकतात, छताचं वॉटरप्रूफिंग तेवढं टिकत नाही. ते आधी केलं नाही तर मध्येच सगळा सांगाडा उतरवावा लागतो. शिवाय टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी अख्ख्या स्ट्रिंगचं (एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या रांगेचं) उत्पादन घसरू शकतं. आणि बिनबॅटरीचं साधं ऑन-ग्रिड (वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं) सोलर वीज गेली की बंद.

उन्हाळी:
ते बंद पडणं दोष नाही, नाहीतर पॅनेलची वीज बंद लाइनमध्ये उतरेल. लाइनवर काम करणाऱ्याचा जीव त्यावर असतो. सावलीचं म्हणाल तर सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ ला छताचे फोटो काढा, तेही हिवाळ्यात. तेव्हा सावल्या सर्वांत लांब असतात. वॉटरप्रूफिंग आधी, याला +१. छताला भोकं पाडण्यापेक्षा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभारा, पण ते वजन आणि वारा धरून हिशेब इंजिनिअरकडूनच.

पालापाचोळा:
दोघंही विजेतच अडकलात. बऱ्याच शाळांत खताचा खड्डा सुरू होतो आणि वासामुळे बंद पडतो. कारण एकच: डब्यातलं उरलेलं अन्न नुसतंच टाकतात. हवा खेळत नाही आणि ते सडतं. एक बादली ओल्या कचऱ्याला दोन ते तीन बादल्या सुका पाला, आणि प्रत्येक वेळी वरचा थर पाल्याचाच. मूठभर मिश्रण दाबलं की एखाद-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाला वाढवा, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा. आठवड्यातून एकदा पलटी. ढीग साधारण १ मीटर लांब, रुंद, उंच हवा, नाहीतर तापत नाही. शाळेत पाला जाळतात, तोच साठवला तर या कामाला येतो.

उन्हाळी:
आणि उन्हाळ्याच्या लांब सुट्टीत पलटी कोण मारणार? पॅनेलला निदान रोज खायला घालावं लागत नाही.

पालापाचोळा:
सुट्टीला दोन आठवडे उरले की नवा ओला कचरा बंद. शेवटची पलटी, भरपूर पाणी, वर अर्धा फूट पाला आणि ओलं गोणपाट. पलटी न मारता ढीग सावकाश पिकतो, इतकंच. शाळा उघडली की चाळायचा, न कुजलेल्या काड्या नव्या ढिगाच्या तळाशी.