मदत हवी आहे: बाबा बायपासला तयार नाहीत, 'जीन थेरपीचं इंजेक्शन' घ्यायचं म्हणतात

मंडळी, घाईत लिहितोय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

बाबा ६४ वर्षांचे, कोल्हापूरला असतात. साखर १८ वर्षं. गेल्या महिन्यात जिना चढताना छाती भरून यायला लागली म्हणून अँजिओग्राफी केली. तिन्ही मोठ्या रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज, एलएडीत (हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी मुख्य वाहिनी) ९० टक्के, हृदयाचं पंपिंग ४५ टक्के. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी एकच सांगितलं: स्टेंट नको, बायपास करा.

पण बाबा हटून बसलेत. "छाती फाडून घेणार नाही." त्यात सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकलाय, एका इंजेक्शनने हृदयात नवीन रक्तवाहिन्या उगवतात म्हणे. त्यातल्या नंबरवर मी फोन केला. "पॅकेज" पाच लाखांचं, कागदपत्रं मागितली तर "आधी या, मग बोलू".

रात्री जागून थोडं वाचलं. ही कल्पना अगदीच हवेतली नाही. रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाचं, व्हीईजीएफचं, जीन टोचून पाहण्याचे प्रयोग १९९० च्या दशकापासून चालू आहेत. छोट्या प्रयोगांत आशा दिसली, पण औषध म्हणून नुसतंच दिखाऊ काही (प्लासिबो) दिलेल्या गटाशी तुलना झाली की फरक विरघळायचा. जपानमध्ये अशाच जातीच्या एका औषधाला पायाच्या जखमांसाठी २०१९ मध्ये सशर्त मंजुरी मिळाली होती. पुढच्या रुग्णांत तसा गुण दिसला नाही आणि २०२४ मध्ये कंपनीनेच पूर्ण मंजुरीचा अर्ज मागे घेतला. हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, "तू काय डॉक्टर आहेस?"

उलट बायपासचे आकडे समोर आहेत. २०१२ च्या 'फ्रीडम' चाचणीत १९०० मधुमेही होते. पाच वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी झालेले स्टेंटच्या गटात २६.६ टक्के, बायपासच्या १८.७. पक्षाघात मात्र बायपासमध्येच जास्त, तेही बाबांपासून लपवायचं नाहीये.

कुणाच्या घरी असा हट्ट झाला होता का? कसा सुटला? आणि या व्हिडिओवाल्यांचं खरंखोटं कुठे तपासायचं?

प्रतिसाद १
मी भूलतज्ज्ञ आहे, रोज बायपासच्या टेबलाशी उभी असते. सीटीआरआय ही क्लिनिकल चाचण्यांची सरकारी नोंदवही ऑनलाइन आहे, कुणीही बघू शकतं. व्हिडिओवाल्यांकडे तिथला नोंदणी क्रमांक मागा. खऱ्या चाचणीत प्रायोगिक औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत, त्यामुळे पाच लाख ऐकूनच मला उत्तर मिळालं. पीसीएसके९ हे जीन बदलून कोलेस्टेरॉल उतरवण्याचं काम खरोखर चालू आहे, पण त्याने तुंबलेली नळी मोकळी होत नाही.
सर्जनना एक जरूर विचारा: एलएडीला छातीच्या आतली धमनी जोडणार ना? ती पायातून काढून जोडलेल्या शिरेपेक्षा खूप जास्त वर्षं उघडी राहते. छातीतल्या दोन्ही बाजूंच्या धमन्या घेतल्या तर मधुमेहींत छातीच्या हाडाची जखम चिघळायचा धोका वाढतो, म्हणून साखर आधी आटोक्यात आणा.

प्रतिसाद २
आमच्या काकांना आकडे ऐकून काडीचा फरक पडला नाही. गल्लीतल्या बायपास झालेल्या एका गृहस्थांना चहाला बोलावलं. त्यांनी शर्टाची बटणं उघडून व्रण दाखवला आणि म्हणाले, "शिंकताना उशी छातीशी धरायची, बाकी काही नाही." काका दुसऱ्या दिवशी स्वतःहून तारीख विचारायला गेले.

धागाकर्ता
ताई, त्यांना क्रमांक मागितला. फोन ठेवून दिला, आता उचलत नाहीत. बाबांना स्पीकरवर ऐकवलं, काही बोलले नाहीत. दादा, कोल्हापुरात बायपास झालेलं आणि चहाला येईल असं कुणी आहे का?