पहिला पोपट घरी आणण्यापूर्वी : खान्देशातील घरांचे अनुभव

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की मुले पोपटाचा हट्ट धरतात आणि मोठी माणसे पिंजरा कोठे मिळेल एवढीच चौकशी करून आठवड्याभरात पक्षी घेऊन येतात, असे मी जळगावात अनेकदा पाहिले आहे. पक्षी येण्यापूर्वीच्या महिना-दीड महिन्यात घराने स्वतःत काय बदल करावेत, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. म्हणून ज्यांनी पहिला पोपट आणला, जे आणण्याच्या तयारीत आहेत किंवा ज्यांनी विचारपूर्वक बेत सोडून दिला, त्या सर्वांनी आपापल्या गावाचे नाव वर देऊन आपले अनुभव सविस्तर लिहावेत, अशी विनंती आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. आपल्या शेतांत दिसणारा कंठाचा हिरवा पोपट आणि बाजारात ज्याला ‘पहाडी’ म्हणतात तो मोठा पोपट हे भारतीय वन्य पक्षी आहेत आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार ते पाळता येत नाहीत. येथे बोलायचे आहे ते बजरीगर, कॉकॅटिएल, लव्हबर्ड, कोन्यूर अशा, मूळच्या परदेशी आणि पिंजऱ्यातच पैदास झालेल्या पक्ष्यांविषयी.

जळगाव

सुरुवात माझ्याच घरापासून करते. आमच्याकडे कॉकॅटिएल आहे. मूळ ऑस्ट्रेलियातला, डोक्यावर तुरा असलेला पक्षी. तो येण्यापूर्वी मला सर्वाधिक भीती वाटली ती छताच्या पंख्याची. आमच्या बैठकीतला पंखा मार्चपासून दिवाळीपर्यंत सहसा बंद होत नाही, आणि मोकळा सोडलेला पक्षी घाबरला की सरळ वर उडतो. ‘पक्षी बाहेर असताना पंखा बंद ठेवू’ हे वचन पाच माणसांच्या घरात पाळले जाणार नाही, हे मला ठाऊक होते. म्हणून मागची खोली पक्ष्यासाठी ठरवली, तेथील छताचा पंखा उतरवून जाळीचा टेबलपंखा ठेवला, खिडक्यांना जाळी मारली आणि उडता पक्षी आदळू नये म्हणून कपाटाच्या आरशावर पडदा लावला.

दुसरे काम स्वयंपाकघरात निघाले. नॉनस्टिक भांडे रिकामे तापत राहिले तर त्याच्या थरातून निघणारे वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतात. पक्ष्याच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते आणि प्रत्येक श्वासातून तो आपल्यापेक्षा अधिक प्राणवायू शोषून घेतो. त्याच मार्गाने विषही तितक्याच वेगाने आत जाते. आमच्याकडे कळण्याची भाकरी लोखंडी तव्यावरच होते, परंतु डोशाचा नॉनस्टिक तवा होता, तो काढून टाकला. भरताची वांगी आता मागच्या खोलीची दारेखिडक्या बंद करून गच्चीवर भाजतो.

माझी चूक झाली ती धुपाच्या बाबतीत. देवघर त्या खोलीला लागूनच आहे, आणि सासूबाई रोज संध्याकाळी धूप घालतात. पक्षी आणण्याचे ठरवताना मी त्यांना विचारलेच नव्हते; शेवटच्या आठवड्यात सांगितले, तेव्हा त्यांना वाईट वाटले आणि ते वाटणे योग्यच होते. पुढे त्यांनी स्वतःच धुपाऐवजी केवळ तुपाचे निरांजन लावायचे ठरवले. घरातील प्रत्येक माणसाची संमती पिंजऱ्याच्या खरेदीपूर्वी घ्यावी, असे मी आता सर्वांना कळकळीने सांगते.

भुसावळ

आमच्या मे महिन्याविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेल्याचे आम्हाला नवल वाटत नाही. त्यामुळे मी पक्षी आणण्याच्या आदल्या वर्षीच एक प्रयोग केला. पिंजरा ठेवता येईल अशा तीन जागी, म्हणजे गॅलरीत, वरच्या मजल्यावरील स्लॅबच्या खोलीत आणि तळमजल्यावरील जिन्यामागच्या कोपऱ्यात, मे महिन्यातील एक आठवडाभर तापमापक टांगून सकाळी, दुपारी तीनला आणि रात्री दहाला नोंद केली. गॅलरी दुपारी निकामी ठरेल हे अपेक्षित होते. परंतु स्लॅबची खोली रात्री दहा वाजताही अडतीस अंशांखाली येत नाही, हे मला नोंदींवरूनच कळले. मी मनात हीच खोली धरली होती. पिंजरा अखेर जिन्यामागच्या कोपऱ्यात गेला.

कूलर आपल्याकडच्या कोरड्या हवेत उत्तम चालतो, परंतु त्याचा झोत थेट पिंजऱ्यावर येऊ देऊ नये, आणि त्यातील गवत हंगामाच्या सुरुवातीलाच बदलावे. कुजक्या गवतातील बुरशी पक्ष्यांच्या श्वसनमार्गात रोग निर्माण करते. चोच उघडी ठेवून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरून बसणे, ही ऊन सहन होत नसल्याची लक्षणे घरातील सर्वांना आधीच माहीत असावीत. वीज गेल्यास काय करायचे, तेही आम्ही ठरवून ठेवले आहे : पिंजऱ्याच्या एका बाजूस ओला पंचा, आत अंघोळीसाठी उथळ थाळी आणि दुपारी एकदा नव्याने भरलेले पाणी. या उकाड्यात सकाळचे पाणी संध्याकाळपर्यंत ठेवणे मला धोक्याचे वाटते.

मी पक्षी आणला तो दिवाळीचे फटाके संपल्यानंतर, नोव्हेंबरच्या शेवटी. त्याला घर ओळखीचे व्हायला सारा हिवाळा मिळाला. ज्यांना वाट पाहणे शक्य आहे, त्यांनी एप्रिल-मे टाळावा, असे माझे ठाम मत आहे.

अमळनेर

माझ्या आजोळच्या धाब्याच्या घरात ओसरीवर एक मिठू होता. कोणीतरी झाडाच्या ढोलीतून काढून आणलेले ते पिल्लू लहानशा गोल पिंजऱ्यात वाढले. आजी त्याला मायेने डाळ आणि मिरची घालत असे. दररोज संध्याकाळी शेताकडून थवे ओरडत परतताना तो गजांना चोच लावून उभा राहायचा. आम्ही मुले त्याला ‘बोलतोय’ म्हणायचो. तो काय करत होता, हे मला कळायला पुष्कळ वर्षे लागली.

म्हणून माझ्या मुलीने पोपट मागितला तेव्हा मी विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारला तो पायातल्या कडीविषयी. जोड नसलेली बंद कडी पिल्लू काही दिवसांचे असतानाच पायात चढवता येते, पुढे ती चढत नाही. त्यामुळे पक्षी पिंजऱ्यातच जन्मल्याची ती चांगली खूण असते. शेताच्या बांधावर हिरव्या पोपटाचे पिल्लू सापडले तर ते घरी ठेवू नये, वनविभागाला कळवावे. आम्ही तसेच केले.

धुळे

मला जे सांगायचे आहे ते लिहिणे सोपे नाही. ‘हाताने भरवले म्हणजे पक्षी जन्मभर माणसाळतो’ असे एका विक्रेत्याने सांगितल्यावरून मी पुरते दाणे न खाणारे कोन्यूरचे पिल्लू आणले. त्याला दिवसातून अनेकदा पातळ खीर भरवावी लागते आणि ती साधारण चाळीस अंश उष्ण असावी लागते. अधिक तापली तर गळ्याखालची अन्नाची पिशवी भाजते, थंड झाली तर अन्न तेथेच राहून आंबते. मी बोट बुडवून अंदाज घेत असे. नवव्या दिवशी अन्न पिशवीतून पुढे सरकेनासे झाले. मी ज्यांच्याकडे धावलो ते पशुवैद्यक गुरांचे आणि शेळ्यांचे अनुभवी. इतक्या लहान पक्ष्यावर आपण कधी उपचार केले नसल्याचे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. दुसऱ्या दिवशी पिल्लू गेले.

स्वतः दाणे खाणारा, फळ सोलणारा पक्षीच आणावा. माणसाळण्यासाठी भरवण्याची नव्हे, रोज त्याच्याजवळ शांत बसण्याची गरज असते. आणि पक्ष्यांवर उपचार करणारा डॉक्टर कोण, किती दूर, फोनवर सल्ला देतो का, याची उत्तरे हाती असल्याशिवाय पक्षी आणू नये. या वेळी मी ती मिळवली, त्यानंतरच दुसरा पक्षी आणला.

नंदुरबार

आहाराविषयी थोडे. केवळ सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेला पक्षी लठ्ठ होतो आणि त्याला ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडते. आम्ही बजरीगरच्या जोडीसाठी बाजरी, राळे आणि थोडी दादर (आपल्याकडची ज्वारी) असे मिश्रण आधीच निवडून ठेवले. जोडीला मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला आणि किसलेले गाजर. पालेभाजी फवारणीची असू शकते, म्हणून भरपूर पाण्यात धुऊन देतो. आमच्या मिरचीच्या गावात सर्वांना एक कौतुक वाटते : पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही, त्यामुळे ते ताजी मिरची आवडीने खातात. अव्होकाडो, चॉकलेट, चहा, कांदा आणि मीठ घातलेले पदार्थ मात्र अजिबात देऊ नयेत. शेव आणि चिवड्याचा डबा उघडला की पाहुणे पिंजऱ्यात दाणे टाकतात, त्यांना थांबवावे लागते.

चाळीसगाव

मला दम्याचा त्रास आहे. कॉकॅटिएलच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते, हे वाचल्यावर मी एका परिचितांच्या घरी त्यांच्या पक्ष्याजवळ तीन दुपारी बसून पाहिले. तिसऱ्या दुपारी पंप घ्यावा लागला. आम्ही बेत सोडला, आणि आता गच्चीवर पाण्याचे मातीचे भांडे ठेवतो.

पाचोरा

कोन्यूर घेणाऱ्यांनी नोंदणी विसरू नये. वन्य प्रजातींच्या व्यापाराविषयीच्या ‘साइट्स’ (CITES) या आंतरराष्ट्रीय करारात समाविष्ट असलेल्या परदेशी प्रजातींची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्र शासनाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. बजरीगर आणि कॉकॅटिएल त्या करारात येत नाहीत. खरेदीची पावती आणि विक्रेत्याकडील कागद पक्ष्यासोबतच मागून घ्यावेत. नंतर मागताना मला फार खेटे घालावे लागले.

शिरपूर

आमच्या मुलाचे वय सोळा. दोन वर्षांनी तो शिक्षणासाठी पुण्याला किंवा नाशिकला जाणार, आणि कॉकॅटिएल पंधरा ते वीस वर्षे जगतो. म्हणून आम्ही त्याला सरळ सांगितले की पक्षी त्याचा नव्हे, आम्हा दोघांचा असेल. माझे पती रोज पहाटे उठतात. पाणी, दाणे आणि सफाई त्यांनी स्वीकारली. मी रात्री पिंजऱ्यावर सुती कापड टाकते, कारण त्याला दहा-बारा तास शांत झोप लागते आणि आमच्याकडे टीव्ही उशिरापर्यंत चालतो. हे पक्षी अंधारात दचकून फडफडतात, म्हणून एक मंद दिवा ठेवतो. हे वाटप ठरायला चार महिने गेले, आणि तोवर मुलगा पाहुण्यासारखा रिकाम्या पिंजऱ्याकडे पाहत असे.

फैजपूर

आमचा पक्षी येत्या रविवारी येणार आहे. पिंजरा आडवा व लांब घेतला आहे, गजांतील अंतर दीड सेंटिमीटरहून कमी आहे; जस्ताचा मुलामा दिलेला पिंजरा नाकारला, कारण चोचीने खरवडलेले जस्त पोटात जाऊन विषबाधा होते. दुकानातील एकसारख्या गुळगुळीत दांड्यांऐवजी पेरूच्या आणि कडुनिंबाच्या कमी-अधिक जाडीच्या फांद्या धुऊन, वाळवून बसवल्या आहेत. एका ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा आणला आहे; आजारी पक्षी दुखणे लपवतो, परंतु वजन लपवू शकत नाही, म्हणून रोज सकाळी दाण्यांपूर्वी वजन लिहून ठेवणार आहोत. भुसावळच्या दादांना एक विचारायचे आहे : आमची खोली दहा बाय बाराची असून कूलर खिडकीतच बसवावा लागतो, तर पिंजरा समोरच्या भिंतीच्या कोपऱ्यात ठेवला तर चालेल, की मध्ये पडदा लावावा? रविवारपूर्वी कळवल्यास फार उपकार होतील.