चांदवडचा रंगमहाल निवांत पाहायचा आहे. राजदेरवाडीच्या मुक्कामात वेळ कसा बसवावा?

प्रश्न

नमस्कार. आम्ही नाशिकला राहतो. माझी महाविद्यालयापासूनची मैत्रीण लग्नानंतर चांदवड तालुक्यात राजदेरवाडीला, म्हणजे राजदेर किल्ल्याच्या अगदी पायथ्याशी राहते आणि गेली तीन वर्षे आम्हाला मुक्कामाला बोलावते आहे. यंदा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस जाण्याचे नक्की केले आहे. सोबत माझे यजमान, दहा वर्षांचा मुलगा आणि 68 वर्षांच्या सासूबाई असतील. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण अहिल्यादेवी होळकरांचा वाडा, म्हणजे हा रंगमहाल, डोळ्यांनी पाहावा ही त्यांची फार दिवसांची इच्छा आहे.

मागे एकदा मालेगावहून परतताना आम्ही रंगमहालात घाईघाईने डोकावलो होतो. दरवाजा पाहिला, चौकात फोटो काढले आणि निघालो. गाडीत बसल्यावर मुलाने विचारले, "आई, याला रंगमहाल का म्हणतात?" मला नीट उत्तर देता आले नाही आणि ती रुखरुख अजून मनात आहे. या वेळी वाडा समजून पाहायचा आहे. कोणत्या वेळी जावे, काय पाहावे आणि मैत्रिणीच्या घरच्यांना त्रास न होता हे कसे जमवावे, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद

ताई, मी चांदवडचाच आहे, म्हणून आधी तुमच्या मैत्रिणीच्या घरच्यांविषयी लिहितो. डिसेंबरमध्ये आमच्याकडे लाल कांद्याची काढणी चालू असते आणि उन्हाळ कांद्याची लागणही सुरू होते. मजूर मिळाले तर त्याच दिवशी वाफे उरकावे लागतात, कारण उपटलेले रोप फार थांबत नाही. तुमची मैत्रीण पाहुण्यांसाठी काम बाजूला ठेवील आणि तसे बोलूनही दाखवणार नाही. त्यामुळे लागण कोणत्या दिवशी आहे हे तिला फोनवर स्पष्ट विचारा आणि नेमका तोच दिवस चांदवडसाठी ठेवा. सकाळी तुम्ही वाड्याकडे निघालात की घरची माणसे शेतात मोकळी होतील. संध्याकाळी चुलीपुढे गप्पांना सगळेच निवांत असाल.

नाशिकहून पिंपळगाव बसवंतमार्गे चांदवड सुमारे 65 किलोमीटर आहे. महामार्गालगत डोंगराच्या कुशीत रेणुकामातेचे मंदिर लागते. सासूबाईंना जाताना तिथे दर्शन घडवा. रंगमहालाच्या काही भागात दुरुस्तीमुळे प्रवेश बंद असू शकतो, तेव्हा आदल्या दिवशी गावातून चौकशी करून घ्यावी. माडीवर जाणारे जुने जिने चढायला अवघड असतात. सासूबाईंना आग्रह करू नका. खालच्या चौकातही पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

राजदेरच्या वाटेवर लोखंडी शिडी आहे. तो चढ सासूबाईंसाठी नाही. मुलाला वडिलांनी सकाळी लवकर न्यावे.

दुसरा प्रतिसाद

आमच्या घरी तीन पिढ्या सुतारकाम झाले आहे, त्यामुळे मला वाड्यात शिरल्यावर आधी खांब दिसतात. लाकडी खांब थेट जमिनीत रोवलेला नसतो. तो दगडाच्या तळखड्यावर उभा असतो, म्हणजे जमिनीतील ओल लाकडात चढत नाही. मुलाला तळखडा आणि खांब यांच्यामधल्या सांध्यावर बोट ठेवून हे दाखवा. मग नजर वर न्या. खांबाच्या माथ्यावर तुळईला आधार देणारे कोरीव हस्त असतात, तुळईवर कड्या, म्हणजे आडवी लाकडे, आणि कड्यांवर पाट, म्हणजे फळ्या. याच छताला आपण कडीपाट म्हणतो. लाकडाला लाकूड जोडताना एका तुकड्याला कुसू, म्हणजे पुढे आलेले टोक, काढून तो दुसऱ्याच्या खाचेत बसवलेला असतो. महिरपींखाली लोंबणारी लाकडात कोरलेली केळफुले सासूबाईंना नक्की आवडतील, कारण त्यांच्या लहानपणीच्या एखाद्या वाड्यात ती त्यांनी पाहिलेली असण्याची शक्यता आहे. त्यांना चौकातल्या जोत्यावर बसवा आणि आठवणी सांगू द्या. मुलाला त्या ऐकायला हव्यात.

घाई केली तर यातले काहीच दिसत नाही. किमान दोन तास ठेवा.

तिसरा प्रतिसाद

मुलाच्या प्रश्नाविषयी लिहितो. राजघराण्याच्या सुशोभित निवासी महालाला रंगमहाल म्हणण्याची रीत आहे, आणि चांदवडला तर भिंतींवर खरोखरच रंगीत चित्रे आहेत. हा होळकरांचा वाडा. माळव्यातून दक्षिणेकडे उतरणारी वाट चांदवडच्या डोंगरांतून जात असल्याने या गावाचे महत्त्व मोठे होते. इथे टांकसाळ होती आणि चांदवडी रुपया व्यवहारात चालत असे. अहिल्यादेवींचा जन्म 1725 चा. 1767 पासून 1795 मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी महेश्वरहून राज्यकारभार पाहिला. एवढा धागा मुलाच्या हाती दिला की पुढची चित्रे तो स्वतः शोधील.

एक कळकळीची विनंती आहे. चित्रांना हात लावू नये आणि फ्लॅश वापरू नये. मागच्या वर्षी आमच्याच गटातील एकाने रंग खरा आहे का हे पाहण्यासाठी नखाने खरवडले. तांदळाएवढा पोपडा माझ्यासमोर खाली पडला. तो परत लावण्याचा कोणताही उपाय माझ्यापाशी नव्हता आणि मी वेळेवर त्याचा हात धरला नाही याचे वाईट वाटते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. मैत्रिणीला फोन केला. शनिवारी तिच्याकडे लागण आहे आणि हे विचारल्याबद्दल तिचा आवाजच बदलला. त्यामुळे शनिवारी रेणुकामाता आणि रंगमहाल, आणि रविवारी सकाळी बापलेक राजदेरवर. सासूबाईंना केळफुलांचे सांगितले, तर त्या म्हणाल्या की त्यांच्या आजोळच्या ओसरीवर तशी चार होती आणि त्यातले एक तुटलेले होते.